बंदुकीचा टेकू : बेचक्यापासून घडीच्या बायपॉडपर्यंत

बालाघाट : २६ जानेवारीला पोलीस मैदानावर शस्त्रांचं प्रदर्शन लागतं, तेव्हा टेबलावरच्या बंदुकांमध्ये एखादी तरी बंदूक स्वतःच्या पायांवर उभी दिसते. नळीखाली दोन बारीक पाय, खाली छोटे तळवे, आणि मागची बाजू टेबलावर टेकलेली. पोरं आधी तिच्याकडेच धावतात. तीच बंदूक जवानाच्या खांद्यावर असली की पाय गायब! जवळून पाहिलं तर ते नळीला चिकटून दुमडलेले दिसतात, सायकलची घोडी चेनच्या बाजूला वर करून ठेवावी तसे.

या दोन पायांच्या घडीच्या स्टँडला बायपॉड म्हणतात. मराठीत सरळ ‘टेकू’ म्हटलं तरी चालेल, कारण काम टेकूचंच आहे. रायफलला लावायचा बायपॉड साधारण पाव ते अर्धा किलो वजनाचा असतो, मशीनगनचा त्याहून जड. वस्तू दिसायला क्षुल्लक, पण ती नीट जमवायला कारखान्यांना बरीच वर्षं लागली. अडचण एकच आणि ती अजूनही पूर्ण सुटलेली नाही : टेकू उघडला की खांबासारखा पक्का हवा, आणि मिटला की जणू नाहीच असा हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. एक पूर्ण करायला गेलं की दुसरी थोडी सुटतेच.

टेकू लागतो कशाला?

हिशेब सोपा आहे. बंदुकीची लांबी एक मीटर धरा. मागचं टोक खांद्यात घट्ट आहे आणि पुढचं टोक फक्त एक मिलिमीटर हललं, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते आणि ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीपेक्षा थोडं जास्त. श्वास घेतला, नाडी उडाली, दंड भरून आला, तरी एवढं हलतंच. बरं, हात कितीही बळकट असला तरी सहा-सात किलोची वस्तू पुढे धरून पाच मिनिटं स्थिर राहणं कोणालाच जमत नाही. शेतात पाण्याची भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा, दोन मिनिटांत कळेल.

टेकूने वजन जमिनीवर जातं आणि हाताला फक्त दिशा द्यायची राहते. पाय तीन नसून दोनच का, असा प्रश्न पडतो. तर तिसरा पाय म्हणजे माणूस स्वतः. दोन पाय पुढे, खांदा मागे, मिळून तिवई झाली. खरी तीन पायांची तिवईसुद्धा असते, जड मशीनगनला ती लागते. पण पहिल्या महायुद्धापासून वापरात असलेल्या विकर्स मशीनगनची नुसती तिवईच वीस किलोच्या आसपास होती, आणि ती वाहायला वेगळा माणूस लागायचा. डोंगर चढून जाणाऱ्या तुकडीला ते परवडत नाही. घडीच्या टेकूची गरज इथूनच सुरू झाली.

बेचका, जंग्या आणि जंबुरा

बंदूक टेकवायची युक्ती बंदुकीइतकीच जुनी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातले शिपाई जड मस्केट घेऊन चालत, आणि दुसऱ्या हातात माणसाच्या छातीइतकी उंच, वर बेचकं असलेली काठी असे. १६०७ साली हॉलंडमध्ये छापलेल्या याकोब द हेन यांच्या कवायतीच्या पुस्तकात ही काठी कशी धरायची, कधी रोवायची, बंदूक भरताना कुठे लटकवायची, हे चित्रांसह दाखवलं आहे. ती चित्रं पाहिली की शिपायाची कीव येते. एका हातात बंदूक, दुसऱ्यात काठी, बोटांत पेटता तोडा. पुढे बंदुका हलक्या झाल्या आणि सतराव्या शतकाच्या मध्यानंतर ही काठी हळूहळू सुटली.

आपल्याकडे वेगळे उपाय होते. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या तटांत ज्या तिरप्या फटी दिसतात, त्या जंग्या. तोड्याची बंदूक त्या फटीत ठेवून मारायची, म्हणजे आडोसाही मिळाला आणि टेकूही. मैदानात तट नाही, तेव्हा हत्ती-उंट कामाला लावले. गजनाळा हत्तीवर, सुतरनाळा आणि जंबुरे उंटावर. जंबुरा म्हणजे खोगिरावर फिरत्या खिळीवर बसवलेली लहान तोफ. उंट खाली बसवायचा आणि त्याच्या पाठीवरून मारायची. १७६१ च्या पानिपतावर अब्दालीकडे असे जंबुरे होते आणि मराठी फौजेला त्यांचा फार जाच झाला. विचार केला तर उंट हाच तिथे दुमडणाऱ्या पायांचा टेकू होता. बसला की टेकू, उठला की वाहन.

पण बंदुकीलाच जोडलेला, घडी होणारा टेकू पाहायचा तर तिबेटकडे बघावं लागतं. तिबेटी तोडेदार बंदुकीच्या पुढच्या भागाला दोन लांब सुळे खिळीने बसवलेले असत. काही लाकडाचे, टोकाला लोखंड लावलेले, तर काही तिबेटी हरणाच्या शिंगांच्या टोकांचे. घोड्यावर असताना सुळे नळीच्या बाजूने पुढे काढलेले, उतरून बसलं की खाली. खिळी एक, पाय दोन, हलणारा दुसरा भागच नाही. या भागात तिबेटी माणूस म्हटलं की थंडीत स्वेटर विकणारा आठवतो. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. त्यांच्या पूर्वजांनी आजच्या बायपॉडचा मूळ आराखडा शेकडो वर्षांपूर्वी वापरात आणला होता, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

बालाघाटचा विषय काढला तर इथली जुनी गोष्ट शिकारीची. १८६७ मध्ये जिल्हा झाला, तेव्हापासून पुढे शंभर वर्षं बैहरचं पठार, सुपखार, मुक्कीकडचं साल-जंगल हे शिकाऱ्यांचं नंदनवन. मचाणावर बसणारा माणूस समोर एक आडवा बांबू बांधून घ्यायचा आणि नळी त्यावर टेकवायचा. बांबूला या जिल्ह्यात तोटा नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे परवान्यावरची शिकार संपली. आता त्याच मुक्की गेटमधून जिप्सी जातात आणि टेकू लागतो तो कॅमेऱ्याला. हलत्या जिप्सीत तिवई उभी राहत नाही, म्हणून फोटोवाले कापडी पिशवीत तांदूळ भरून ती गाडीच्या कडेवर ठेवतात आणि तिच्यावर लांब लेन्स टेकवतात. (जीआय मिळालेला चिन्नोर त्यात कोणी भरत नसावं, साधी कणकीही चालते.) नेमबाजीच्या मैदानावरही वाळूच्या पिशव्या असतात, तत्त्व हेच. पिशवी बायपॉडपेक्षा जास्त स्थिर असते, फक्त ती पाठीवर वाहून नेता येत नाही.

ब्रेन गनचे पाय

आजच्या बायपॉडची गोष्ट हलक्या मशीनगनपासून सुरू होते. पहिल्या महायुद्धात लुईस गन आली, बारा किलोच्या पुढची. तिला पुढे दोन पाय होते. मग १९३० च्या दशकात ब्रिटिशांनी चेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नो शहरातल्या कारखान्याची बंदूक घेतली, एनफिल्डला तिच्यात बदल केले आणि दोन्ही गावांची पहिली अक्षरं जोडून नाव ठेवलं ब्रेन. १९३८ मध्ये ती सैन्यात आली. १९४२ पासून बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात तिचं उत्पादन सुरू झालं. पुढे ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी बदललेली तिची आवृत्ती भारतीय सैन्यात आणि पोलीस दलांत कित्येक वर्षं चालली. निवृत्त पोलिसांच्या तोंडी ‘एलएमजी’ म्हणजे अजूनही तीच, वर वाकडं मॅगझीन असलेली.

तिच्या पायांत शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत.

पहिली, जोड कुठे दिला. ब्रेनचा बायपॉड नळीला जोडलेला नाही, नळीखालच्या गॅस सिलिंडरच्या पुढच्या टोकाला जोडलेला आहे. का? मशीनगनची नळी तापते आणि ती बदलावी लागते. पाय नळीलाच असते तर नळी काढल्याबरोबर बंदूक तोंडावर पडली असती. ब्रेनमध्ये बंदूक पायांवर उभी राहते आणि नळी तेवढी निघते. रशियाच्या १९६१ च्या आरपीके मशीनगनमध्ये पाय नळीवरच, तोंडाजवळ आहेत. तिथे ते चालतं, कारण तिची नळी लढाईत झटपट बदलायची नसतेच. म्हणजे टेकूची जागा टेकूवाला ठरवत नाही, बंदुकीचं पोट ठरवतं.

नळीला टेकू लावण्यात आणखी एक तोटा आहे. वजन आणि दाब सरळ नळीवर येतो, ती केसाएवढी वाकते आणि गोळी पडायची जागा सरकते. म्हणून अचूक नेमाच्या रायफलींत नळी पुढे मोकळी तरंगती ठेवतात आणि बायपॉड खालच्या दांड्याला, म्हणजे फोर-एंडला लावतात.

दुसरी गोष्ट पायांच्या उंचीची. ब्रेनच्या पहिल्या आवृत्तीत पाय दुर्बिणीसारखे आत-बाहेर सरकणारे होते, उंची कमी-जास्त करता यायची. १९४१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सोय काढली आणि पाय ठरावीक उंचीचे केले. युद्ध चालू होतं, बंदुका लाखांनी लागत होत्या, आणि नळीत नळी सरकवण्याचं बारीक काम वेळ खात होतं. ठरावीक उंचीच्या पायांनीही लढाई चालली. डिझाइनवाल्यांना न रुचणारी गोष्ट आहे, पण खरी आहे : जास्तीची सोय हा नेहमी फायदा नसतो.

याच काळात अमेरिकेच्या बीएआर या स्वयंचलित रायफलीच्या नव्या आवृत्तीत बायपॉड थेट नळीच्या तोंडाशी, फ्लॅश हायडरला बसवला होता. वजन अगदी पुढच्या टोकाला. बंदूक उचलली की तोंड खाली जायचं, झाडीत पाय अडकायचे. सैनिकांनी काय केलं? बरेच जण तो काढूनच फेकून द्यायचे. सरकारी कागदावर टेकू होता, मैदानात नव्हता. टेकू बनवणाऱ्याने कोणतीही एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही.

घडी होते कशी

आता बायपॉडच्या आत काय असतं ते पाहू. सायकलची घोडी हे त्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण. घोडीची स्प्रिंग एका बाजूला ताणलेली असते. पायाने ढकलत नेलं की मध्यावर स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणते, आणि मध्य ओलांडला की तीच स्प्रिंग घोडीला खटकन दुसऱ्या बाजूला ओढते. म्हणजे एकच स्प्रिंग घोडीला खालीही धरते आणि वरही. बऱ्याच बायपॉडमध्ये हीच युक्ती आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बनणारा हॅरिस बायपॉड जगभर प्रसिद्ध झाला तो या साध्या, उघड्या स्प्रिंगांमुळे. पाय ओढला की खटकन जागेवर. त्याचा सगळ्यात बुटका प्रकार ६ ते ९ इंच उंच होतो, जमिनीवर झोपून मारायला तेवढं पुरतं.

दुसरी पद्धत खाचांची. पायाच्या मुळाशी एक चकती, चकतीला खाचा, आणि एक खुंटी दाबली की पाय सुटतो, सोडली की पुढच्या खाचेत बसतो. त्यामुळे पाय सरळ खाली, ४५ अंशांत पुढे किंवा मागे, असा हवा तिथे लावता येतो. हा प्रकार जास्त पक्का, पण महाग. खाचेत माती गेली की खुंटी पूर्ण बसत नाही.

उंची वाढवण्याचे प्रकारही दोनच मानावेत. एक छत्रीच्या दांडीसारखा. आतली नळी ओढली की चाप बाहेर येऊन भोकात बसतो. दुसरा फिरकीचा, म्हणजे चकती पिळून घट्ट करायची. फिरकीने हवी ती उंची मिळते, पण बंदुकीचा धक्का मागे बसला की घट्ट केलेली फिरकी हळूहळू सरकू शकते. चापाला ते भय नाही, मात्र दोन भोकांच्या मधली उंची मिळत नाही. ज्याला अंधारात, ओल्या हातांनी आणि घाईत पाय काढायचे आहेत त्याला चापच बरा.

मग येतो तिरपेपणा. बैहरच्या घाटात सपाट जमीन हाताएवढी मिळत नाही. एक पाय दगडावर, एक खड्ड्यात, की बंदूक एका अंगाला झुकते आणि लांबवर नेम बाजूला जातो. त्यासाठी चांगल्या बायपॉडच्या माथ्यावर सांधा असतो, पाय तिरपे राहिले तरी बंदूक सरळ करता येते. पण प्रत्येक सांधा म्हणजे थोडी ढिलाई. म्हणून सांध्याला घट्ट करायचा खटका लागतो, खटक्याला वजन लागतं, आणि वजन म्हटलं की पुन्हा जवानाचा खांदा आला.

पाय किती फाकवायचे, हाही हिशेब आहे. बंदुकीचा भार जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंच आहे असं धरा. दोन तळव्यांत २० सेंटिमीटर अंतर असेल तर सुमारे २२ अंश झुकेपर्यंत ती आपली आपण उभी राहते. अंतर १२ सेंटिमीटरवर आणलं तर ही मर्यादा साडेतेरा अंशांवर येते. लहान, आटोपशीर टेकूची खरी किंमत ही. काही वर्षांपूर्वी अमेरिकन सैन्यात ग्रिप-पॉड नावाचा प्रकार बराच वापरला गेला. दिसायला रायफलीखालची उभी मूठ, पण बटण दाबलं की मुठीच्या पोटातून दोन पाय स्प्रिंगने बाहेर पडतात. मिटला की खरोखर नाहीसा होतो. मात्र पाय मुठीच्या आत मावायचे म्हणजे ते बारीक आणि आखूड असणार, फाकणार कमी, आणि त्यावर जोर टाकून मागे-पुढे रेलता येणार नाही. हलक्या रायफलीला ठीक, मशीनगनला नाही.

फ्रान्सने १९७० च्या दशकात आपल्या फामास रायफलीत वेगळा मार्ग काढला. दोन्ही पाय बंदुकीच्या दोन अंगांना चिकटून मागे घडी होतात. खाली काहीच लोंबत नाही. इस्रायलच्या गॅलिल एआरएममध्ये तर बायपॉडच्या पायांनी काटेरी तार कापायची सोय होती आणि शेजारी बाटलीचं झाकण उघडायची खाच. सैनिक मॅगझीनच्या कडेने बाटल्या उघडायचे आणि मॅगझीन वाकायची, म्हणून ही खाच! माणूस वस्तू कशी वापरेल ते ओळखून केलेलं काम म्हणतात ते हे.

जमीन आणि झाडी

तळवे हा भाग दुकानात कोणी पाहत नाही. रबरी तळवा दगडावर, सिमेंटवर चांगला. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानाच्या बांधीत, चिखल झालेल्या बांधावर तो घसरतो. तिथे टोकदार तळवा हवा, पण फार टोकदार झाला की पावसाळी मातीत वीतभर रुततो. म्हणून सैन्याच्या जुन्या बायपॉडना रुंद, चपटे, खाली किंचित दात असलेले तळवे दिसतात. रुंद भाग बुडू देत नाही, दात सरकू देत नाहीत.

झाडीचं गणित वेगळं. घाणेरीची जाळी, बांबूची बेटं, वेली. मिटलेल्या पायाचं टोक अर्धा इंच जरी बाहेर राहिलं तरी प्रत्येक वेलीत ते अडकणार. पाय पुढच्या दिशेने मिटत असतील तर चालताना फांद्या त्यांना उघडू पाहतात, मागच्या दिशेने मिटत असतील तर हाताची पकड किंवा मॅगझीन आड येते. त्यात आवाज. स्प्रिंगचा ‘खट्’ शहरात ऐकू येत नाही, रात्रीच्या जंगलात येतो. मध्य प्रदेशाची हॉक फोर्स २००० सालची, गडचिरोलीची सी-६० तुकडी १९९० ची. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या या दलांचे जवान वर्षानुवर्षं डोंगर तुडवत आले आहेत. पाणी, रेशन, गोळ्या असं सगळं पाठीवर असताना हातातल्या बंदुकीवरचे दोनशे ग्रॅम काय असतात, ते त्यांना विचारावं.

सध्या भारतीय दलांत बायपॉड असलेल्या दोन बंदुका जास्त दिसतात. एक इन्सास एलएमजी, पुण्याच्या एआरडीई या संस्थेच्या आराखड्याची, ५.५६ मिलिमीटर, वजन सहा किलोच्या वर. दुसरी इस्रायली नेगेव्ह एनजी-७. मार्च २०२० मध्ये भारताने अशा १६,४७९ मशीनगनांचा सुमारे ८८० कोटी रुपयांचा करार केला. त्याच इस्रायली कंपनीच्या भागीदारीतला कारखाना आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरजवळ मालनपूरला आहे. आणि आपल्या विभागाचं मुख्यालय असलेल्या जबलपुरात तर १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे. नावातच सगळं आलं : तोफेखालचा गाडा, म्हणजे तोफेचा टेकू, बनवण्यासाठीच ती उभी राहिली. आज तिथे धनुष तोफ तयार होते.

खेळात टेकू चालतो का?

नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत बायपॉड लावता येत नाही. झोपून मारताना खांद्यापासून हातापर्यंत पट्टा वापरता येतो, पण पुढच्या हाताचा कोन जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही. गुडघ्यावर बसताना पायाखाली ठरावीक मापाची गुंडाळी चालते, बस्स. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं, ते हाडांच्या टेकूवर. कोपर, कंबर, गुडघा अशा रचायच्या की वजन स्नायूंवर न येता हाडांवर यावं.

मात्र पॅरा नेमबाजीत एका गटाला स्टँड हा हक्काने मिळतो. तिथे खेळाडूंचे दोन मुख्य गट आहेत. एसएच-१ म्हणजे ज्यांचे हात बंदुकीचं वजन पेलू शकतात. जबलपूरची रुबिना फ्रान्सिस, जिने पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं, आणि टोकियोत चौथा आलेला कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर, हे दोघे या गटातले. एसएच-२ म्हणजे ज्यांच्या हातांना तेवढी ताकद नाही. त्यांच्या रायफलीखाली स्टँड असतो, आणि त्या स्टँडच्या माथ्यावर स्प्रिंग. स्प्रिंग का? पक्का टेकू दिला तर रायफल आपली आपण स्थिर राहील आणि नेमबाजाचं कसब उरणार नाही. स्प्रिंग वजन उचलते, पण डोलते. डोलणं सांभाळायचं काम खेळाडूचं. स्प्रिंग किती कडक असावी तेही खेळाडूच्या अपंगत्वानुसार नियमांनी ठरवलेलं असतं. इतर ठिकाणी टेकूतली ढिलाई हा दोष, इथे ती मुद्दाम मोजून दिली जाते.

कायदा काय म्हणतो

शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातल्या ‘फायरआर्म’ या शब्दाच्या व्याख्येत तोफांचे गाडे, त्या बसवायच्या चौथऱ्या आणि साधनंही धरलेली आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत तोफेचा टेकू हेच एक शस्त्र. आवाज किंवा झोत कमी करणारी उपकरणं आणि बंदुकीचे सुटे भागही त्याच व्याख्येत येतात. रायफलीच्या छोट्या बायपॉडचं वेगळं नाव तिथे नाही. म्हणून काही जणांना वाटतं, वेल्डिंगच्या दुकानातून पाय जोडून आणले तर काय बिघडलं? बिघडतं असं की बंदुकीला भोक पाडणं, नळीला पट्टी वेल्ड करणं ही हत्यारावरची दुरुस्ती-फेरफार झाली, आणि ते काम परवानाधारक शस्त्रकारागिराचंच आहे. वर वेल्डिंगच्या उष्णतेने नळी कमजोर होते, आणि डोळा आपलाच तिच्यामागे असतो. क्लॅम्पने बसणारं, काढता येणारं सामान असलं तरी आधी जिल्हा शस्त्र शाखेत विचारून घेणं शहाणपणाचं.

या पट्ट्यात परवाना घेणाऱ्यांत शेतकरीही आहेत. धानात रानडुकरं शिरतात, म्हणून पीक संरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. खरं सांगायचं तर अशा बंदुकीला बायपॉडचा उपयोग नाही. तिचा पल्ला थोडा, जनावर धावतं, आणि मेढीवर किंवा मचाणाच्या बांबूवर नळी टेकली की झालं. शिवाय पिकात शिरलेलं जनावर दिसलं म्हणून मारता येतंच असं नाही, वन्यजीव कायद्याचे नियम वेगळे लागतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार नेणं हाच गुन्हा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या. नेमबाजांना वेगळी सवलत आहे. आणि दोन राज्यांत सोयरीक असलेल्यांनी एक रकाना नक्की वाचावा : परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं, फक्त जिल्हा, राज्य की सगळा देश. परवान्यात फक्त मध्य प्रदेश लिहिलं असेल, तर रजेगावच्या पुढे बाघ नदी ओलांडून गोंदियाच्या हद्दीत शिरल्यावर ती बंदूक विनापरवाना ठरते, मग तिचे पाय उघडे असोत की मिटलेले.